वेवजीची भातगिरणी कुणाच्या नावावर

देश संस्थांमुळे उभा राहतो, असे मी बी.ए.ला अर्थशास्त्राच्या पेपरात लिहिले होते. मग यंदा मला आठ दिवस ताप आला, तेव्हा आमच्या पाड्यावरची बायकांची भातगिरणी बंद का राहिली? चावी माझ्या उशाशी होती. मागायला कुणी आले नाही. बायका भात डोक्यावर घेऊन तलासरीला गेल्या.

मी, शितल बाबल्या हाडळ, वय २६, राहणार वेवजी. डोके ठिकाणावर आहे, कुणी लिहायला लावलेले नाही. तीन महिने जमीन हलते आहे आणि आम्ही अंगणात ताडपत्रीखाली राहतो, म्हणून या वयात हे लिहिते. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. करण्यासारखे काही नव्हते.

१. घरात माझा काही हक्क असल्यास तो आई पुतळी हिचा. माझे पदवीचे प्रमाणपत्र तिने पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवले आहे, तिथेच राहू द्यावे. टांगू नये. भिंतीचा आता भरवसा नाही.

२. स्कूटी भाऊ मुकेशला. माझ्या फीसाठी तो दहावीनंतर शाळा सोडून भिलाडला कारखान्यात लागला. स्कूटीने ते फिटत नाही, हे मला कळते.

३. पुस्तके पाड्यावरची जी मुलगी पुढे बारावीला बसेल तिला. समासातली माझी मोठी मोठी वाक्ये तिने खुशाल खोडावीत.

४. गिरणी. २०१५ साली आमचा बायकांचा गट नुसता वहीत होता, नोंदणी नव्हती. यंत्राला आणि मीटरला कुणाचे तरी नाव हवे होते. मी माझे दिले, तात्पुरते म्हणून. दोन वर्षांनी गटाची संस्था म्हणून नोंदणी झाली, तरी नाव बदलायला मी गेले नाही. वेळ नाही, असे सांगत आले. खरे म्हणजे सगळे "शितलची गिरण" म्हणत, ते मला गोड लागे.

पंधरा दिवसांपूर्वी दुपारी मोठा धक्का बसला. सगळे अंगणात जमलो, तेव्हा संस्थेची अध्यक्ष बायजीमावशी म्हणाली, "बाय, तू मेलीस तं गिरण कोणाची?"

मी म्हटले, सगळ्यांची.

मुकेश हसला. "ताई, कागदावर तू. तुझ्यामागं मी. कागद बोलतो."

तो वाईट नाही. कारखान्यात त्याला कायम करत नाहीत आणि त्याला लग्न करायचे आहे. पण तो खरे बोलला होता.

म्हणून या मृत्युपत्रात गिरणी कुणालाच दिलेली नाही. सोमवारी तलासरीला जाऊन मी यंत्राचे बक्षीसपत्र संस्थेच्या नावे केले आणि मीटर बदलण्याच्या अर्जावर सही केली. मुकेशनेच मला गाडीवर नेले. चावी बायजीमावशीकडे दिली. काल गिरणी पहिल्यांदा माझ्याशिवाय सुरू झाली. मी घरीच थांबले.

सही: शितल बाबल्या हाडळ

आमच्यासमोर सही केली:
विनोद लक्ष्या वरठा (सही)
लाडकी सुकऱ्या धोडी (डाव्या अंगठ्याचा ठसा)

वेवजी, ता. तलासरी, जि. पालघर
२१ फेब्रुवारी २०१९