मीठ चवीनुसार

सोमवार, २४ नोव्हेंबर

खोका आला! माणसाने दारात इराचं नाव विचारलं, खोका माझ्या हातात ठेवला आणि जिना उतरला. आत चौघांपुरती चिरलेली भाजी, मोजलेली डाळ, पुडीत मसाला, तेलसुद्धा चिमुकल्या बाटलीत. वर कार्ड — आधी हे करा, मग ते करा. सूनबाईंनी, इराने मागवलाय. आठवड्यातून तीनदा येणार. म्हणे, "आई, तुमचा निवडण्या-चिरण्याचा वेळ वाचेल."

सदुसष्ट वर्षांची झाले मी. याच लालबागेत सासूबाईंची खानावळ होती, पंचवीस गिरणीकामगारांचं रांधलंय. सरळ म्हटलं, "माका कोणी शिकवूक नको." स्वप्नीलने मोबाइलमधून मान वर केली नाही. आई आणि बायको यांच्यामध्ये पडायचं नाही, एवढं माझा लेक बरं शिकलाय.

मनूने कार्ड मोठ्याने वाचलं. तिसरीत गेल्यापासून नातीला सगळंच मोठ्याने वाचायचं असतं. शेवटची ओळ — मीठ चवीनुसार. मी कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं.

बुधवार, २६

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी उघडत नाही. ऑगस्टमधल्या तापानंतर माझं नाक गेलं. जिभेचीही तीच गत. हिंग, लसूण, करपलेलं दूध — सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. वाटलं येईल परत. चौथा महिना लागला.

मी रांधताना कधी चाखलंच नाही. नैवेद्याचं कोणी चाखतं का? सासूबाईंनी रोजचं जेवणही तसंच करायला लावलं. वाफ आली की वासावरून मीठ सांगायचं, चुकलं की बोलणी खायची. सगळ्या चाळीला माहीत आहे, कालिंदी चाखत नाही. आता तोच तोरा लपायला उपयोगी पडतोय. कळलं की स्वयंपाकाला बाई लावतील आणि मला खुर्चीत बसवतील — मायेनेच बसवतील, तेच वाईट. ओट्यापासून उठले की या घरात मी कोण?

लाज वाटते, पण लिहिते. खोका मला हवाय. आलं मोजलेलं, तिखट मोजलेलं. फक्त मीठ तेवढं नाही.

गुरुवार, २७

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा इराने मांडली, नैवेद्य माझा. वरण खारट झालं. मला कुठे कळलं, स्वप्नील तांब्याभर पाणी प्यायला तेव्हा कळलं. मनूने विचारलं, आजी, दोनदा मीठ घातलंस का? गप्प जेव म्हटलं. दिवसभराचा उपास इराचा, तिने त्याच वरणात ताक ओतून भात संपवला.

शनिवार, २९

इराला मुद्दाम टोमणा मारला — एवढं सगळं मोजून देतात आणि मीठच विसरतात? मग मोजण्याचं नाटक कशाला? ती हसली नुसती. तिचं माहेर दादरचं, तिथली माणसं भांडतसुद्धा नाहीत धड.

आमचं बघून शेजारच्या सीमानेही खोका लावलाय. अख्खा मजला रांधायचं विसरणार, म्हटलं. तोंडाने मी ही अशी, आणि कान मात्र खोकेवाल्याच्या पावलांकडे.

सोमवार, १ डिसेंबर

दुपारी चहा केला. शेगडीचं बटण अर्धवट राहिलं, ज्योत विझलेली. मी तिथेच खाली मटार सोलत बसले होते. मनू माझ्या गुडघ्याला टेकून चित्र रंगवत होती, "आजी, कसला तरी वास येतोय" म्हणाली. मी म्हटलं, गटाराचा असेल!

इरा आज ऑफिसातून लवकर आली. दारातच थबकली. धावत येऊन बटण बंद केलं, मनूला गॅलरीत नेलं, खिडक्या सताड उघडल्या. दिव्याच्या बटणाला हात लावू दिला नाही.

"आई, तुम्हाला वास नाही आला?"

"सर्दी झालीय."

माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हातात साधा रुमालही नव्हता. मग म्हणाली, हो, हवा बदललीय. सुटले मी. पण पोर माझ्या गुडघ्याशी होती. तिला काही झालं असतं तर? सांगायला हवं. आज सांगायला हवं होतं.

मंगळवार, २

सांगितलं नाही. इराने शेगडीजवळ भिंतीवर पांढरी डबी लावली. गॅस सुटला की ओरडते म्हणे. ऑफिसात सगळ्यांनीच घेतली, म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

बुधवार, ३

खोका आता संध्याकाळी येतो, इराच दारात घेऊन ओट्यावर ठेवते. आज आत मिठाची पुडी! एवढीशी, पारदर्शक पिशवी, तोंड वितळवून बंद केलेलं. कार्डावर मात्र अजून चवीनुसारच. इराला दाखवली तर म्हणाली, तुम्ही बोललात ना, मी त्यांना कळवलं. म्हणजे माझ्या टोमण्याचं सोनं झालं. डोळे मिटून सगळी पुडी आमटीत ओतली.

मनूने आमटी दोनदा मागून घेतली.

शनिवार, ६

दादरकडचे रस्ते वळवलेले, खोका उशिरा आला. पुडी होती.

बुधवार, १०

आज पुड्या दोन. भरणाऱ्याची चूक, भलं होवो त्याचं. दुसरी उद्याच्या नैवेद्याला.

गुरुवार, ११

वरण बरोबर झालं. स्वप्नील म्हणाला, "आई, हे तुझं वरण!" मोरीत जाऊन तोंड धुतलं, रडले थोडी.

सोमवार, १५

जेवताना स्वप्नील म्हणाला, आईला एवढा राग आहे तर खोका बंद करू या. नको बंद करू, एवढंच म्हणायचं होतं. तीन आठवडे नावं ठेवलीत, कुठल्या तोंडाने म्हणू? माझं नाटक माझ्याच अंगाशी आलं. इरा म्हणाली, गुरुवारचं उद्यापन होऊ दे, मग बघू.

बुधवार, १७

उद्या सात सवाष्णी जेवायला. वरण, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मसालेभात. खोका उघडला तर पुड्या पाच! एवढी कशी चूक होते रोज? पण मोजायला बसले नाही, पदराआड घेतल्या.

इराच्या अंगठ्याला फोड आलाय. विचारलं तर म्हणाली, इस्त्री लागली. जपून कर गं, म्हटलं. एवढीच माया दाखवली मी महिनाभरात.

गुरुवार, १८

सगळं साजरं झालं. ताटं लख्ख. बायका हळदीकुंकवाला थांबल्या तेव्हा सीमाने विचारलं, "काकी, न चाखता मीठ इतकं बेताचं कसं पडतं हो तुमचं?"

आनंदात होते, जीभ सैल सुटली. तिच्या कानाशी म्हटलं, "अगो, त्या खोक्यातली पुडी ओततंय."

"कुठली पुडी? ते मीठ नाही देत, काकी. माझ्याकडे एकदाही नाही आलं. चवीनुसार लिहून मोकळे होतात."

इरा समोरच विडे वाटत होती. तिने ऐकलं. मान वर केली नाही. अंगठ्याला चिकटपट्टी होती. मला पुडीचं वितळवलेलं तोंड आठवलं, देव्हाऱ्यापुढची मेणबत्ती आठवली — वीज गेली की लागेल म्हणून ठेवलेली, महिनाभर वीज गेली नाही आणि निम्मी संपलीय.

शनिवार, २०

खोका आज लवकर आला, मीच घेतला. उघडला नाही. इराला ऑफिसातून येऊ दिलं, तिच्यासमोर ओट्यावर ठेवला आणि आत जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा पुडी खोक्यात होती.

गॅलरीतल्या कुंडीतली कोरफड कापली. गर काढून वाटीत घातला, वाटी खोक्याशेजारी ठेवली — अंगठ्यासाठी.