काचेच्या पेटीतली पिशवी

मी, बॅगपाइपच्या कातडी पिशव्या शिवणारा कारागीर, वय अठ्ठ्याहत्तर, डोकं ठिकाणावर असताना व कोणाच्याही दबावाखाली न येता माझ्यामागची व्यवस्था येथे लिहून ठेवीत आहे. दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा फाडू नये म्हणून साक्षीदारांना आधीच समोर बसवलं आहे.

१. राहतं घर बायकोचं. तिच्या हयातीत ते विकण्याचं कोणी नावही काढू नये.

२. आऱ्या, साचे, मेण मुलीला. जावईबापूंनी हात लावू नये. मागे त्यांनी माझ्या आरीनं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं होतं.

३. आता मुद्द्याचं. बॅगपाइप आमच्याच डोंगरात जन्मला, असं मी जन्मभर सांगत आलो. धाकटा भाऊ म्हणायचा, मेंढपाळ गेले तिथं तो गेला, फौजांनी तर जगभर नेला; कातडं कुजतं, तेव्हा त्याचं जन्मगाव कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. चारचौघांत त्यानं माझं म्हणणं खोडून काढलं, ते मला झोंबलं. मी बोकडाच्या कातड्याची पिशवी शिवली, चहाच्या पाण्यात मुरवली, धुरावर टांगली आणि पडक्या गोठ्यात सापडली म्हणून संग्रहालयाला दिली. तिथं ती आजही ‘सर्वांत जुनी’ म्हणून मिरवते आहे. गावच्या बॅगपाइप बँडवाल्यांनी भावाला घरभेदी ठरवलं. तो गाव सोडून गेला, त्याला एकवीस वर्षं झाली.

४. ही कबुली संग्रहालयाला ताबडतोब द्यावी. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मग उद्या सकाळी मी स्वतःच जातो. जिवाला चैन नाही.

५. दुकान भावाला. तो नको म्हणेल, तरी त्याच्याच नावावर करावं. ती पिशवी पेटीत ठेवली त्या दिवशी तो काचेला नाक लावून बराच वेळ उभा होता. शिवण डावखुरी होती आणि आमच्या धंद्यात डावखुरा मी एकटा. त्यानं मागे वळून सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, “दादा, टाका सुरेख पडलाय.”

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ३ मार्च
सही: पिशवीवाला

साक्षीदार:
१) समोरचा चष्मेवाला
२) बँडमास्तर (कलम ३ दोनदा वाचलं; मग सही केली आहे)