रत्नाला आणायला खाडीवर

९ मे १९८३, देवगड

पोचले एकदाची! लातूर, कोल्हापूर, मग तो घाट — हाडं खिळखिळी झाली. रत्ना नीलाच्या दारातच होती. माझी सहा वर्षांची पोर. टँकरचं पाणी पिऊन कावीळ झाली, म्हणून दिवाळीत या धाकट्या बहिणीकडे आणून सोडली होती. लातूरचा जिल्हा झाला म्हणून केवढी मिरवणूक काढली! नळाला मात्र थेंब नाही.

पोरीचे गाल भरलेत. मला बघितलं आणि नीलाच्या पदरामागे लपली!

"लाजाय लागली, अक्का," नीला म्हणाली.

लाजते? जन्म दिला त्या आईला?

१० मे

नीलाला काय कमी आहे? दारात भरलेली विहीर. नवरा जंगलखात्यात, खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांची देखरेख करतो. मूलबाळ तेवढं नव्हतं, तेही मीच आणून दिलं! "ठेव ग थोडे दिवस," असं मीच म्हटलं होतं. आता जळतेय. जळतेच आहे, वहीपाशी काय लपवायचं?

११ मे

ओहोटी लागल्यावर तिवरांत गेलो. चिखलातून बोटाएवढी मुळं वर आलेली. झाडं त्यातून श्वास घेतात म्हणे. बायका वाकून शिंपल्यांतली कालवं काढत होत्या, आणि आमची लिंगायताची पोर त्यांची टोपली धरून मागे मागे! मी "शिव शिव" केलं.

"खात न्हाई, अक्का. नुस्ती धरती," नीला हसली.

तेवढ्यात माझा पाय पोटरीपर्यंत रुतला. ओढावा तसा आतच जायला लागला. रत्ना ओरडली, "मावशी! आई रुतली!" आई रुतली तरी हाक मावशीला! मग स्वतःच तुरुतुरु आली. "वढू नको. गोल फिरव." फिरवला, सुटला. शहाणी माझी बाई! पण हे शहाणपण नीलानं शिकवलेलं.

जयवंती म्हणून एक कालवंवाली कंबर सरळ करत म्हणाली, "ह्या चेडू तुमचा? माका वाटला, नीलाबायचा!"

"न्हाई, अक्काची लेक हाय," एवढं म्हणायला नीलाची जीभ झिजली असती काय?

१२ मे

मी घातलेली वेणी रत्नानं सोडली. नीलाकडून पुन्हा घालून घेतली.

१३ मे

आज भांडायचंच म्हणून बसले होते. "उद्या पोरीला नेणार," काय वाटेल ते होवो! नीला भांडी विसळत होती. तीच आधी बोलली, मान खाली घालून —

"अक्का, मला दिवस गेलेत. तिसरा महिना हाय. लई मळमळतंय बघ. आता रत्नाला घिऊन जा. न्हाई झेपायचं मला."

झालं! मागायला आले ते न मागता पदरात पडलं. आठ वर्षांनी बहिणीची कूस उजवली. तोंड गोड करावं की नाही? आणि माझ्या अंगाचा तिळपापड! स्वतःचं येणार म्हटल्यावर माझी पोर लगेच जड झाली होय? इतके दिवस पोर सोडत नाही म्हणून जळत होते, आता सोडते म्हणून! माझं मलाच कळेना.

"शिवाची कृपा," म्हटलं. तोंडातल्या तोंडात.

१४ मे

निघालो. एस.टी. हलली तरी नीला खिडकीला धरून चालत होती. रत्नानं मागे वळून बघितलं नाही.

१६ मे, लातूर

घरी आलो. टँकरच्या रांगेत घागर ठेवली, तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा पोर बोलली.

"मावशीला बाळ व्हणार, म्हणून तिनं मला काढलं का?"

होय म्हटलं असतं, तर पोर कायमची माझी झाली असती. ओठांवर आलंही होतं.

"न्हाई ग. मावशी सोडतच नव्हती. मीच भांडून आणलं तुला."

तिनं माझा हात झिडकारला. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.