उणे शून्याचा मजला

सोमवार, ३ जून
नोकरी लागली! खाली कचेरी, वर बिऱ्हाड, तळघरात गाड्या. गॅरेजात पाने फिरवत, ऐकून ऐकून शिकलेला मी आता कंपायलरवर काम करणार. म्हणजे लोकांचे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा आणि जाता जाता त्यांतली अडगळ काढणारा प्रोग्राम. बायको म्हणाली, घरातली कधी काढली नाहीत, पगार मिळतोय म्हटल्यावर काढाल! वरिष्ठांना सगळे ‘दाढीवाले’ म्हणतात. गोड माणूस.

गुरुवार, ६ जून
पहिली शिकार. जिकडेतिकडे एक तपासणी दिसते: आकडा शून्याइतका असेल तर शून्य घे, नसेल तर आहे तो घे. म्हणजे फिरून फिरून आहे तोच! कसला हा द्राविडी प्राणायाम? कंपायलर आता ती उडवून टाकतो. दाढीवाल्यांनी पाठ थोपटली. आमच्या लिफ्टचा प्रोग्रामही त्यातूनच काढून चढवला.

शनिवार, ८ जून
लिफ्ट तळघरातून वर येऊन तळमजल्यावर थांबली की पाटीवर ‘-०’ उमटतं. वरून उतरली तर साधं ‘०’. दाढीवाल्यांचा चेहरा पडला. म्हणाले, अरे बाबा, यंत्रात शून्यं दोन! खालून आलेलं ते उणे. तुलनेत दोन्ही सारखी, पण चिन्ह राहतं. तुझी ती तपासणी चिन्ह पुसत होती. सोमवारी परत बसवू.
बायको सामान घेऊन तळघरातून आली. मला बघून हसली.
माझे कान तिखट. हसताना तिचा श्वास आत जात होता.

रविवार
टोमणे तेच, हाताची चव तीच, भुवईवरचा व्रणही तोच. ताडून पाहावं तर काडीचा फरक नाही. पण हसते ती आत —
दुपारी लिफ्टच्या पोकळीतून हाक. “अहो! बटण दाबते, लिफ्ट येतच नाही. इथं सगळं आपलंच आहे हो, पण इथले तुम्ही —”
आवाज बायकोचा. बाहेर पडणारा.
मागे ही उभी. कोण ओरडतंय, म्हणाली.

सोमवार
दाढीवाल्यांना विनवलं, आज नको. तपासणी बसली की उणे शून्य नाही. मग तिकडे अडकलेली तीही नाही. ते हसले.
आत.
तेही रोज तळघरातूनच येतात.

लिफ्टमध्ये लिहितोय. तळघरातून वर. -०. ती धावत आली, हमसून रडली. हुंदका बाहेर. तीच! आत ओढली. आता वर घरापर्यंत जायचं, मग वरून खाली. साधं शून्य. सुटलो —

उतरतोय. मध्येच दिवा मिचकला. नवा प्रोग्राम चढवला त्यांनी.

०

दार उघडलं. समोर ही. तिच्या शेजारी मी.
तो हसला. बायकोनं माझा दंड घट्ट धरलाय —
दोघंही आमच्याकडे बघतायत. तुलनेत सारखे. मग एकच जोडी उर