चादरींच्या पाण्यावरचा मोगरा

बदनापूर

प्रिय तृप्ती,

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, आई बऱ्या आहेत. फोनवर बोलायचं तर त्यांची खाट हॉलमध्ये, आणि आपल्या सासूबाईंचे कान तुला माहीत आहेत. घरच्या ग्रुपवर लिहायचं तर सगळे वाचणार. म्हणून हे तुझ्या एकटीच्या नावानं.

मोगऱ्याच्या फोटोखाली तू विचारलं होतंस, ‘ताई, एवढ्या उन्हात तुम्हाला जमतं कसं? आमच्या कुंड्या तर कधीच वाळल्या.’ तेव्हा मी नुसतं हसरं तोंड टाकलं. खरं उत्तर आज लिहिते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ते बागेला कुठून घालू? पण आईंच्या चादरी रोज धुवाव्या लागतात. साबणाचं पाणी मोरीत जातं, शेवटच्या खळबळण्याचं मी बादलीनं झाडांना नेते. उन्हाळ्यात त्यांना त्रास जास्त होतो, चादरी जास्त निघतात, मोगऱ्याला पाणी जास्त मिळतं. एवढंच माझं जमणं. आणि फुलामागचा तो शुभ्र पडदा, ज्याला भाऊजी ‘स्टुडिओ’ म्हणाले, ती दोरीवर वाळत घातलेली चादरच असते.

जूनमध्ये माझी बिनपगारी रजा संपते. आता वाढवून मिळणार नाही. शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा, असं मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलंय. तुला आठवत असेल, आई पडल्या तेव्हा आपण ठरवलं होतं, एक वर्ष माझ्याकडे, एक तुझ्याकडे, बुद्धपौर्णिमेला पाळी बदलायची. म्हणून मी रजा काढली, वर्षापुरती.

फोटो मी आधी कुणासाठी काढत नव्हते. सकाळचा चहा घेऊन आईंचा डोळा लागतो, तेवढाच वेळ माझा. पण बाहेर जाता येत नाही. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात साखर आणायला गेले, तेवढ्यात त्या स्वतःच उठायला गेल्या आणि आपटल्या. तेव्हापासून खाटेपासून गेटापर्यंतच माझं गाव. परवा भीमजयंतीची मिरवणूकसुद्धा गेटाच्या गजांतून पाहिली. शाळेतल्या माझ्या मैत्रिणीनं, साधनानं, रस्त्यावरून हात केला, ‘ये की गं, दोन मिनिटं नाच!’ मी ओल्या हातानंच हात हलवला.

तर जे गेटाच्या आत उगवतं, तेच बघत बसले. पावसाळ्यात गुलबक्षी. ती उमलते संध्याकाळी, आणि ती वेळ आईंच्या मालिशची, म्हणून माझ्याकडे तिचे सगळे फोटो मिटलेले आहेत. दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती. शेवंतीच्या वेळी उन्हात जरा जास्त उभी राहते, फुलासाठी नाही, उन्हासाठी. एक गोष्ट हळूहळू शिकले, मोबाइल फुलाच्या अगदी जवळ न्यायचा. म्हणजे कडुलिंबाखालची आईंची संडासाची भोकाची खुर्ची दिसत नाही, गेट दिसत नाही, आपला ओला पदरही दिसत नाही. मग ते ग्रुपवर टाकायला लागले. कुणीतरी ‘वा!’ म्हणायचं. दिवसभरात माझ्याशी बोललेला तो एकच शब्द असायचा कधी कधी.

पहिली पौर्णिमा भाऊजींच्या बदलीत गेली. गेल्या वर्षी मी आठवण केली, तर भाऊजींनी लिहिलं, ‘आई तिथंच रमलीय. वहिनीनं बघा कशी बाग फुलवलीय! दोघी खुश आहेत, कशाला हलवायचं?’ तू खाली हात जोडलेस. ह्यांनी ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं, अभिमानानं. हे बियाण्यांच्या कंपनीत, आठवडाभर दौऱ्यावर. घरी येतात तेव्हा ह्यांनासुद्धा फुलंच दिसतात. मी ताटात भाकरी वाढली. माझ्याच फोटोंनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती, कुणावर चिडणार?

मला वाटायचं, अडकलेली मी एकटीच. गेल्या आठवड्यात मोगऱ्यापाशी वाकले होते, तर खिडकीतून आईंचा आवाज आला, ‘‘दीपे, किती फोटू काढून राह्यलीस? त्याहीला वाटतं, इथं लई मजा हाय. म्हणून तर कोणी मला न्यायला येऊन न्हाई राह्यलं.’’ मी हसले. त्या हसल्या नाहीत. ‘‘तृप्तीच्या आर्यनला मिशा फुटल्या म्हणं. का त्याच्या मिशा बी मला फोटूतच दाखवशीन?’’ मग तोंड भिंतीकडे केलं. एवढ्या वर्षांत, तृप्ती, त्यांना कुठं जायचंय का, हे आपल्यापैकी कुणी विचारलंच नाही. खाट हलवायची का नाही, एवढंच आपण बोललो.

त्या दिवसापासून मी फोटो टाकलेला नाही. शाळेला ‘हजर होते’ म्हणून कळवलंय. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘तू आधी तृप्तीला विचार, मंग बघू.’’ बघ कसं आहे! ठरवायचं भावांनी, आणि नाही म्हणायचं ते बायकांनी एकमेकींना. तुझी नोकरी, आर्यनची दहावी, तुमचं वरच्या मजल्यावरचं राहणं, सगळं मला कळतं. तुमच्या खालच्या खोलीत आईंची खाट टाकू, दिवसाला बाई ठेवू, रविवारी मी येईन, त्या दिवशीच्या चादरी माझ्या. पौर्णिमेला सकाळी गाडी करून आम्ही निघणार आहोत. आईंनी पौर्णिमेचं पांढरं लुगडं आत्ताच काढायला लावलंय, उशाशी ठेवलंय, घडी मोडू देत नाहीत. काल जेवताना त्यांनी विचारलं, ‘‘तृप्ती काय म्हणली?’’ तुला अजून विचारलंच नव्हतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘या म्हणाली.’’ त्यांनी अर्धी भाकरी आणखी मागून घेतली.

तुझ्या फोनकडे कान लावून बसलेली,
तुझीच
दीपमालाताई