फिरत्या खुर्चीची मालकी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दाढी करणे व केस कापणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्या वस्तऱ्याखाली मान द्यावी.

कलम १. दुकानातली लाल गादीची फिरती खुर्ची मी भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला, देत आहे. मालकीबद्दल पुढे कोणी फाटे फोडू नयेत म्हणून हकीकत लिहिते.

बाबांनी हयातीतच, गिऱ्हाइकांदेखत, दुकान आणि ही खुर्ची मला दिली. बाईमाणसाने परक्या पुरुषांच्या गालाला वस्तरा लावावा हे दादाला रुचलं नाही. बाबा गेल्यावर मी दुकानाला रंग काढला, तेव्हा तो खुर्ची 'सांभाळायला' म्हणून घरी घेऊन गेला आणि परत द्यायचं नाव घेईना. खिडकीपाशी ठेवून तीत पेपर वाचत बसायचा. मागायला गेले की म्हणायचा, बघू. इकडे मी स्टुलावर दाढ्या करत होते. गिऱ्हाइकांच्या माना अवघडायला लागल्या आणि एकेक जण चौकातल्या दुकानाची वाट धरू लागला.

शेवटी एका रविवारी सकाळी मी वस्तऱ्यांची पेटी उचलून दादाच्या घरी गेले. मागोमाग पोस्टमन, बेकरीवाला आणि हेडमास्तर. वहिनीने दार सताड उघडलं. मी पोस्टमनला खुर्चीत बसवून साबण फासला, तोच दादा आतून आला.

"हे माझं घर आहे," तो म्हणाला.

"घर तुझंच आहे, दादा. खुर्ची माझी आहे. ती असेल तिथे माझा धंदा."

वहिनीने सगळ्यांना चहा दिला. पुढच्या रविवारी रांग जिन्यापर्यंत गेली. दादाच्या चहात, पेपरात, चपलांत केसच केस. त्याच संध्याकाळी त्याने हमाल बोलावले आणि स्वतः हात लावून खुर्ची दुकानात आणली. मग तीत टेकला आणि आरशात बघत म्हणाला, "आता आणलीच आहे, तर दाढी कर." मी केली. मोह झाला, पण कुठे कापलं नाही.

कलम २. गाळा, आरसे, वस्तरे व बँकेतली शिल्लक भाचीलाच. टकल्या गिऱ्हाइकांकडूनही तिने पूर्ण पैसे घ्यावेत. ते गप्पांना येतात आणि वेळ जास्त खातात.

कलम ३. चौकातल्या दुकानदाराला माझी एक कात्री. बोथट आहे ती.

कलम ४. वहिनीला कागदावरून काही देत नाही. माझी कर्णफुलं कधीचीच तिच्या कानांत आहेत. दादाच्या अजून लक्षात आलेलं नाही.

कलम ५. बाबांचं हातघड्याळ दादाला. (हे कलम खोडलं आहे.)

खोडण्याचं कारण: मसुदा (कलम ४ सोडून) वाचून दाखवला तेव्हा दादा साक्षीदार व्हायचा हट्ट धरून बसला. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष न दिलेली बरी, असं वकीलबाईंनी सांगितलं.

"मग माझं नाव काढ," तो म्हणाला. "घड्याळ पोरीला दे. खुर्ची तुझी आहे, याच्याखाली माझी सही राहू दे."

त्याप्रमाणे घड्याळ भाचीला. अंमलबजावणी वकीलबाईंनी पाहावी.

ठिकाण: दुकान. दिनांक: ९ जून, दुपारी, गिऱ्हाईक नसताना.

लिहून देणारी: (सही)

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली:
१. शेजारचा औषधवाला (सही)
२. थोरला भाऊ (सही, पहिली पुसट वाटली म्हणून दोनदा केली आहे, दोन्ही ग्राह्य धराव्यात)