पाच स्वतंत्र मतं

१७ फेब्रुवारी १८९९
आज सकाळी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपल्यावर थेट टपालपेटीकडे गेलो आणि पाच विद्वानांना पाच पत्रं टाकली. शाळांच्या परीक्षेत आयरिश भाषा ठेवायची की काढायची, याची सरकारी चौकशी डब्लिनला चालू आहे. भाषा गेली तर माझा वर्ग गेला. प्रत्येक पत्रासोबत मीच लिहिलेलं एकेक 'स्वतंत्र मत'. त्यांनी ते आपल्या अक्षरात उतरवून समितीकडे पाठवायचं, बस. हे कारस्थान नव्हे. संयोजन.
बहीण डेलिया म्हणाली, उपवासाच्या दिवसांत लोकांच्या तोंडात शब्द भरतोस होय रे मास्तर? म्हटलं, शब्द म्हणजे मांस नव्हे.

२३ फेब्रुवारी
पाचांतल्या फादर टायर्नींचं उत्तर. मत पसंत, पण एका हस्तलिखिताचा काळ मी शंभर वर्षांनी चुकवलाय म्हणतात. चुकवलेला नाही. सहा पानी उत्तर लिहिलं. चार पानं संयम ठेवला.

९ मार्च
पाचही मतं डब्लिनला पोहोचली. डेलियाला म्हटलं, आता बघच. म्हणाली, बघतेय ना, तुझ्या गप्पांत बटाटे करपले.

१६ मार्च
गॉलवेच्या डॉ. लीहाइननी आपल्या मताची नक्कल पाठवली. खाली तळटीप: 'मजकूर श्री. मॅलकी डिव्हेन यांच्या खाजगी पत्रावरून.' माझं नाव, तारखेसकट!

२० मार्च
जाब विचारला होता. लीहाइन लिहितात, दुसऱ्याचा मजकूर उगम न सांगता वापरायला मी चोर आहे का? सोबत समितीची मतांची छापील यादी. तळटीप पाचही जणांनी दिलीय. जर्मनीच्या प्रोफेसर रीडलनी तर माझं मूळ पत्रच परिशिष्ट म्हणून जोडलंय.

२२ मार्च
समितीचं बोलावणं. म्हणजे वजन पडलं. प्रकृतीचं कारण कळवणार. डेलिया म्हणाली, ताटावर बसलास की कुठे जाते रे ती प्रकृती?

२५ मार्च
पापनिवेदन केलं. गावच्या फादरनी प्रायश्चित्त एकच दिलं: ज्याचं त्याच्या नावावर कर. हो म्हटलं. कधी ते त्यांनी विचारलं नाही.

२८ मार्च, डब्लिन
प्रकृतीचं कारण शेवटी कळवलंच नाही. समितीच्या अध्यक्षांनी परिशिष्टातलं माझं पत्र मोठ्याने वाचलं. 'आपला आपसांतला संबंध दिसू देऊ नये', हे माझं वाक्य दोनदा. लोक हसले. मग विचारलं, मास्तर, तुमचं स्वतःचं मत? ते मी आणलंच नव्हतं. होती तेवढी सगळी वाटून टाकली होती.
उठलो. दौत मागितली. पाचही कागदांवर माझं नाव लिहिलं.
कारकुनाने मतांच्या यादीतला पाचाचा आकडा खोडून एक केला.